गोल्फचे बूट निवडताना: पाय, माती आणि बेळगावचा पावसाळा

अठरा होलच्या गोल्फ मैदानाची कागदावरची लांबी साधारण सहा किलोमीटर असते. प्रत्यक्षात चेंडू डावीउजवीकडे भरकटतो, एका होलच्या ग्रीनवरून, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरून, पुढच्या होलच्या टीपर्यंत, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपर्यंत, वेगळे चालावे लागते, हरवलेला चेंडू शोधताना गवतात फेऱ्या होतात आणि खेळ संपेपर्यंत आठ ते दहा किलोमीटरांची चाल सहज होऊन जाते. त्यात चार तास तरी जातात. या चार तासांत बुटाला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. चालताना त्याने चवड्यापाशी सहज वाकले पाहिजे, आणि चेंडू मारण्याच्या क्षणी मात्र पायाला जमिनीवर घट्ट धरून ठेवले पाहिजे. धावण्याचा साधा बूट पहिले काम उत्तम करतो, परंतु दुसरे त्याला जमत नाही. त्याची सगळी रचना पुढे जाण्यासाठी असते आणि जागच्या जागी अंग फिरवताना पाय बाजूला सरकू नये, याचा विचार त्यात केलेला नसतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या मराठी घरांत गोल्फ खेळणारे थोडे आहेत. लष्करातून निवृत्त झालेले अधिकारी, शहरातले डॉक्टर, उद्यमबागेतले कारखानदार आणि त्यांची मुले असा हा वर्ग आहे. गणपत गल्ली, खडेबाजार किंवा कॅम्पातल्या दुकानांत क्रिकेटचे आणि फुटबॉलचे बूट हवे तेवढे मिळतात. गोल्फचे बूट मात्र बहुधा पुण्याहून किंवा बेंगळूरहून आणावे लागतात, नाही तर ऑनलाइन मागवावे लागतात. त्यामुळे पायात घालून, चार पावले चालून पाहण्याची सोय अनेकांना मिळत नाही आणि जाहिरातीतल्या शब्दांवर विसंबून राहावे लागते. या जाहिराती बहुतेक वेळा थंड हवेच्या, मऊ हिरवळीच्या देशांतल्या ग्राहकांसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर संततधार, हिवाळ्यात पहाटेचे दव आणि एप्रिल-मेमध्ये तापून कडक झालेली तांबडी माती अशा तीन परिस्थितींतून एकच बूट जातो. माझे मत असे आहे, की आपल्या भागात गोल्फचे बूट मैदानावर झिजून जितके वाया जातात, त्याहून अधिक ते पावसाळ्यात घरातल्या कपाटात पडून वाया जातात. असे का होते हे नीट समजले, तर खरेदीच्या वेळचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

प्रथम, चेंडू मारताना पायात काय घडते ते पाहू. उजव्या हाताने खेळणारा माणूस काठी मागे नेतो तेव्हा त्याचे वजन उजव्या पायावर, विशेषतः त्याच्या आतल्या कडेवर आणि टाचेवर जाते. काठी खाली येऊ लागली की तेच वजन झपाट्याने डाव्या पायाकडे सरकते, आणि चेंडूला मार बसण्याच्या सुमारास डाव्या पायावर शरीराच्या वजनापेक्षाही जास्त दाब येतो. त्यानंतर कंबर व खांदे डावीकडे वळतात, डावा पाय बाहेरच्या कडेवर कलतो, आणि उजव्या पायाची टाच उचलली जाऊन तो पाय अंगठ्याच्या बाजूवर फिरतो. डाव्या बुटाची बाहेरची कड आणि उजव्या बुटाचा पुढचा भाग सर्वांत आधी का खराब होतो, याचे उत्तर या हालचालीत आहे. डावखुऱ्या खेळाडूच्या बाबतीत हे सारे उलट होते. जुना बूट फेकण्यापूर्वी तो उलटा करून नीट पाहावा. आपला पाय नेमका कुठे दाब देतो हे त्या झिजेवरून कळते, आणि नवा बूट त्याच जागी भक्कम आहे की नाही हे तपासता येते.

बूट हातात घेऊन करायच्या तीन तपासण्या अगदी सोप्या आहेत. एका हातात टाच आणि दुसऱ्या हातात पुढचे टोक धरून बूट वाकवावा; तो चवड्याच्या रेषेवर वाकला पाहिजे, तळपायाच्या मधल्या कमानीपाशी नव्हे. त्यानंतर कपडा पिळतात तसा तो पिळून पाहावा. थोडा ताण देऊन त्याने पिळण्यास विरोध केला पाहिजे. शेवटी टाचेमागची उभी बाजू अंगठ्याने आत दाबून पाहावी. ती पुठ्ठ्यासारखी सहज आत गेली, तर डाव्या पायावर भार येताना टाच बुटातच डुगडुगणार हे नक्की. किंमत कितीही असली, तरी या तिन्हींत नापास झालेला बूट मी कोणालाही घ्यायला सांगणार नाही.

तळाकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास सांगणे उपयोगाचे आहे. बुटाला लहान खिळे ठोकून गोल्फ खेळावे, असा सल्ला स्कॉटलंडमध्ये १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मार्गदर्शिकेत आढळतो. पुढे स्क्रूसारखे फिरवून बसवता येणारे लोखंडी स्पाइक आले आणि अनेक दशके तेच चालले. त्यांची पकड उत्तम असे, पण ग्रीनवरच्या नाजूक गवताला त्यांनी भोके पडत आणि क्लबच्या फरशा व गालिचे खराब होत. १९९० च्या दशकात प्लॅस्टिकचे मऊ स्पाइक अमेरिकेतून पसरू लागले आणि काही वर्षांतच बहुतेक क्लबांनी लोखंडी स्पाइकवर बंदी घातली. आजही गोल्फच्या नियमांत क्लबला स्थानिक नियम करून ठरावीक प्रकारचे बूट बंद करण्याची मुभा आहे. म्हणून कोणाकडून जुने, धातूचे स्पाइक असलेले बूट मिळाले, तर मैदानावर विचारल्याशिवाय ते वापरू नयेत. तिसरा प्रकार म्हणजे स्पाइक नसलेले, तळालाच रबराचे लहान उंचवटे असलेले बूट. २०१० च्या मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या गोल्फ स्पर्धेत अमेरिकन खेळाडू फ्रेड कपल्स यांनी अशा प्रकारचे एक्को कंपनीचे बूट घातले, पहिल्या दिवशी त्यांनी आघाडीही घेतली, आणि तेव्हापासून या बुटांना जगभर मागणी आली.

आता यांतले आपल्यासाठी कोणते, हा प्रश्न मातीवर अवलंबून आहे. बेळगाव शहर आणि त्याच्या पश्चिमेकडचा भाग जांभ्याच्या तांबड्या मातीचा आहे. मलप्रभेच्या उगमाजवळच्या कणकुंबीकडे किंवा जांबोटीकडे जावे तसा पाऊस वाढत जातो. उलट पूर्वेला अथणीकडे तो बराच कमी होतो आणि माती काळी होते. तांबडी माती पावसात वरून निसरडी होते, पण तिच्याखालचा थर घट्ट राहतो. अशा जमिनीवर रबराचे बुटके उंचवटे वरच्या चिखलावरच तरंगतात, तर बदलता येणारे लांब पाकळ्यांचे स्पाइक चिखलातून त्या खालच्या थरात जाऊन पकड घेतात. म्हणून जो पावसाळ्यातही खेळणार आहे, त्याने मऊ स्पाइकचाच बूट घ्यावा, असे मी निःशंकपणे सांगेन. जो ऑक्टोबर ते मे एवढाच खेळतो, किंवा नुसता सराव करतो, त्याला स्पाइक नसलेला बूट अधिक सुखाचा वाटेल. कडक जमिनीवर स्पाइकचे टोक तळपायाला खाली टोचत राहते आणि लांब चालीत तो त्रास जाणवतो. रबराच्या तळाने दाब सर्वत्र सारखा वाटला जातो.

टिकाऊपणाच्या दृष्टीने या दोन प्रकारांत एक मोठा फरक आहे, ज्याकडे खरेदीच्या वेळी फारसे लक्ष जात नाही. स्पाइक झिजले की ते काढून नवे बसवता येतात. रबराचे उंचवटे झिजले की बूटच संपला. साधारण वीस फेऱ्यांनंतर (अठरा होलचा एक पूर्ण खेळ म्हणजे एक फेरी) स्पाइकच्या पाकळ्या तपासाव्यात आणि त्यांची उंची निम्म्यावर आली असल्यास संच बदलावा. स्पाइक बसवण्याच्या पद्धती मात्र एकापेक्षा अधिक आहेत आणि एका पद्धतीचा स्पाइक दुसऱ्या पद्धतीच्या खाचेत बसत नाही. बूट घेतानाच त्या पद्धतीचे नाव लिहून ठेवावे आणि एक जादा संच व तो फिरवण्याची किल्ली सोबत मागवून ठेवावी, कारण बेळगावात ऐनवेळी ते मिळण्याची खात्री नसते. तांबड्या मातीची बारीक कच खाचेच्या आट्यांत शिरते, वाळून घट्ट बसते आणि वर्षभराने स्पाइक फिरेनासाच होतो; जोर लावला तर त्याचे डोके तुटते. महिन्यातून एकदा प्रत्येक स्पाइक अर्धा आटा सैल करून, जुन्या टूथब्रशने कड साफ करून पुन्हा आवळला, तर ही वेळ येत नाही. आणखी एक सवय मोडली पाहिजे, ती म्हणजे घरातूनच गोल्फचे बूट घालून निघण्याची. डांबरी रस्ता आणि जांभ्याच्या खडीचा वाहनतळ यांच्यावर स्पाइक जितके झिजतात, तितके गवतावर झिजत नाहीत. बूट पिशवीतून न्यावेत आणि मैदानावर पोहोचल्यावर बदलावेत.

आरामाचा विचार करताना मऊपणापेक्षा माप जास्त महत्त्वाचे ठरते, आणि इथे आपल्या पायांची गोष्ट थोडी वेगळी आहे. दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्या लोकांच्या पायांवरचे एक संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यात अशा लोकांचे पाय पुढच्या बाजूला तुलनेने रुंद असल्याचे दिसले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय त्रिमितीय यंत्रांनी मोजले, तेव्हा भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या पायांपेक्षा रुंद असल्याचेच पुढे आले, आणि त्यावरून भारतीय पायांसाठी ‘भा’ नावाची वेगळी मापपद्धती सुचवण्यात आली. ज्यांचे बालपण चपला घालून किंवा अनवाणी शेतात गेले, त्या आपल्याकडच्या माणसांना हे सांगण्यासाठी यंत्राची गरज नाही. परदेशी बुटात करंगळी कशी दुमडते हे त्यांना चांगले ठाऊक आहे. बूट ज्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ओढला जातो, तो फर्माच अरुंद पायाचा असेल, तर चामडे कितीही मऊ असले तरी चवडा दाबला जाणारच.

यावर बहुतेक लोक एक उपाय करतात, आणि तो चुकीचा आहे. रुंदी मिळावी म्हणून ते एक नंबर मोठा बूट घेतात. त्याने रुंदी थोडीशीच वाढते, लांबी मात्र बरीच वाढते. मग टाच वरखाली घसरते आणि तिथे फोड येतात. शिवाय बूट जिथे वाकायला हवा ती रेषा चवड्याच्या पुढे जाते आणि प्रत्येक पावलाला कमान ताणली जाते. योग्य मार्ग असा, की लांबी अचूक ठेवावी आणि रुंदी वेगळी मागावी. पुरुषांच्या बुटांत ‘डी’ ही सर्वसाधारण रुंदी मानली जाते, ‘टू-ई’ रुंद आणि ‘फोर-ई’ अधिक रुंद. गोल्फच्या बुटांचे अनेक उत्पादक निदान ‘टू-ई’ बनवतात, पण संकेतस्थळावर ते वेगळे निवडावे लागते. स्त्रियांच्या बुटांत सर्वसाधारण रुंदी ‘बी’ असते आणि टाच अरुंद ठेवलेली असते. ज्या स्त्रियांचा चवडा रुंद आहे, त्यांनी पुरुषांचा लहान बूट घेण्यापेक्षा स्त्रियांच्या फर्म्यावरचाच रुंद बूट शोधावा, म्हणजे टाच सैल पडणार नाही.

माप संध्याकाळी घ्यावे. दिवसभरात पाय सुजतो, आणि उद्यमबागेत फाउंड्रीच्या फरशीवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पायात तर सकाळ-संध्याकाळचा फरक डोळ्यांना दिसतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे, खेळताना घालायचेच मोजे घालावेत, दुसऱ्या कोणाला तरी सर्वांत लांब बोटापुढे खूण करायला सांगावे आणि अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही. पुष्कळांचे दुसरे बोट लांब असते. दोन्ही पाय मोजून मोठ्या पायाचे माप धरावे. ब्रिटिश, अमेरिकन आणि युरोपीय नंबर वेगवेगळे असतात, ब्रिटिश ८ नंबर हा पुरुषांच्या अमेरिकन ९ च्या जवळपास येतो, आणि कंपनीगणिक यातही फरक पडतो. सेंटिमीटरमधले माप मात्र कुठेही बदलत नाही. बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर मोकळी जागा हवी. ती नसेल, तर उतारावरून चालताना बोटे पुढे आपटतात आणि काही दिवसांनी अंगठ्याचे नख काळे पडते.

बूट हाती आल्यावर सुखतळा बाहेर काढावा आणि त्यावर उभे राहून पाहावे. पायाची कड सुखतळ्याच्या बाहेर जात असेल, तर तो बूट परत पाठवावा. ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर जाऊ नये. चामडे थोडे सैलावते हे खरे, पण तळाची रुंदी कधीही वाढत नाही, आणि कृत्रिम धाग्याचा बूट तर जवळजवळ अजिबात सैलावत नाही. सुखतळा सुटा निघतो की नाही हेही यातून कळते. सपाट तळव्याच्या किंवा टाचदुखीच्या रुग्णांना डॉक्टर वेगळा सुखतळा वापरायला सांगतात, त्यांच्यासाठी ही सोय आवश्यकच आहे. ज्यांना मधुमेहामुळे पायांना कमी जाणवते, त्यांनी तर नवा बूट पहिल्या काही वेळा थोडा थोडा वेळच घालावा आणि प्रत्येक वेळी पाय नीट पाहावेत, कारण बूट लागतो आहे हे त्यांना वेळीच कळणार नाही.

वरच्या भागासाठी तीन साहित्ये सामान्यतः मिळतात: चामडे, चामड्यासारखे दिसणारे कृत्रिम मायक्रोफायबर आणि विणलेली जाळी. आपला जिल्हा चामड्याच्या कामात परका नाही. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर या जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आहेत, आणि अथणी व निपाणीचे कारागीर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. त्या चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांसारख्या वनस्पतिजन्य पदार्थांत कमावलेले असते. ते कणखर असते, पण पाणी पिते, म्हणून जाणकार माणूस पावसाळ्यात कोल्हापुरी काढून ठेवतो. गोल्फच्या बुटाचे चामडे बहुधा क्रोम क्षारांत कमावून पाणी न शोषण्यासाठी वेगळी प्रक्रिया केलेले असते, त्यामुळे ते मऊ राहते आणि भिजणे सहन करते. तरीही ते चामडेच आहे. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवले तर त्यातला स्निग्धांश जातो आणि चवड्याच्या रेषेवर तडे पडतात.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दाबद्दल जरा थांबून बोलले पाहिजे. असा बूट चामड्यामुळे वॉटरप्रूफ होत नाही. चामडे आणि अस्तर यांच्यामध्ये एक पातळ पापुद्रा असतो. गोर-टेक्स हे त्यातले सर्वांत परिचित नाव, आणि तो पापुद्रा ज्या ताणलेल्या पॉलिमरपासून बनतो, तो बॉब गोर यांनी १९६९ साली शोधला. त्यातली छिद्रे पाण्याच्या थेंबाला आत येऊ देत नाहीत, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देतात. ही वाफ बाहेर जाण्यासाठी मात्र बुटाच्या आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा पुरेशी अधिक उष्ण व दमट असावी लागते. जुलैमध्ये बेळगावची हवाच दमटपणाने भरलेली असते, तेव्हा आत-बाहेरचा हा फरक कमी होतो, वाफ संथपणे जाते आणि पाऊस न शिरताही मोजे ओले होतात. बुटात दोष आहे असे समजून लोक तक्रार करतात, पण तो हवेचा परिणाम असतो.

दुसरी अडचण बुटाच्या तोंडातून आत शिरणाऱ्या पाण्याची आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या शिरला आणि त्याचा शोध चालू असताना परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, हे शहरात सर्वांना आठवत असेल. पावसाळ्यात तिथले गवत आणि झुडपे किती माजतात, याची त्यावरून कल्पना यावी. अशा गवतात चेंडू शोधताना पाणी घोट्यापाशी, मोज्यावाटे आत उतरते, आणि आत गेलेले पाणी तोच पापुद्रा बाहेर जाऊ देत नाही. म्हणून वॉटरप्रूफ बूट घेणाऱ्याने लांब पँट बुटाच्या तोंडावर येईल अशी घालावी आणि मोज्यांचा जादा जोड पिशवीत ठेवावा. मोजे सुती नसावेत. सूत ओलावा धरून ठेवते, ओली त्वचा मऊ पडते आणि तिला लवकर फोड येतात. लोकर व कृत्रिम धाग्यांच्या मिश्रणाचे मोजे यासाठी पुष्कळ चांगले. उन्हाळ्यात मात्र हा पापुद्रा नकोच. त्या दिवसांत जाळीचा हवेशीर बूट पायाला खरा आराम देतो, आणि भिजला तरी काही तासांत वाळतो. हिवाळ्यातल्या दवासाठी मायक्रोफायबरचा बूट पुरतो.

आता मी सुरुवातीला कपाटाविषयी जे म्हटले त्याकडे येतो. बुटाच्या पायाखालच्या फेसाळ थराला मिडसोल म्हणतात आणि चालण्यातला आराम मुख्यतः त्याच्यावर अवलंबून असतो. तो बहुधा ईव्हीए किंवा पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, या प्लॅस्टिकच्या फेसांचा बनवतात. ईव्हीए हलका असतो. वापराने त्यातल्या हवेच्या पेशी दबतात आणि जुन्या गादीसारखा तो बसतो. हा बिघाड हळूहळू होतो आणि पायाला कळतो. पीयू अधिक काळ उसळी धरतो, पण त्याच्या अनेक प्रकारांना दमट हवा मारक ठरते. हवेतले बाष्प त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडते, आणि ही प्रक्रिया बूट वापरात नसतानाही चालू राहते. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो. दोन-तीन पावसाळे खोक्यात काढल्यावर एके दिवशी तो पायात घातला जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या होलवर टाचेखालून पिवळसर भुगा गळू लागतो किंवा संपूर्ण तळ सुटून येतो. चांगले बूट ‘जपून’ ठेवणाऱ्या माणसाच्या नशिबी हे दुःख जास्त येते.

यातून खरेदीच्या दोन गोष्टी निघतात. पहिली, फार स्वस्तात मिळणारा जुन्या साठ्यातला बूट घेऊ नये. बुटाच्या जिभेच्या आतल्या चिठ्ठीवर किंवा खोक्यावर निर्मितीचा महिना-वर्ष अनेकदा छापलेले असते. ते तीन वर्षांपूर्वीचे असेल, तर सवलत कितीही मोठी असली तरी मोह टाळावा. दुसरी, मिडसोल ईव्हीएचा असलेला बूट आपल्या हवेत अधिक भरवशाचा आहे, असे माझे मत आहे. तळाचा सर्वांत खालचा भाग टीपीयू या चिवट प्लॅस्टिकचा किंवा रबराचा असला तर उत्तम.

तळ वरच्या भागाला कसा जोडला आहे, हेही पाहावे. आजचे बहुतेक गोल्फचे बूट गोंदाने चिकटवलेले असतात. तळ सुटलेला असा एक जोड मी एका अनुभवी कारागिराकडे नेला होता. त्यांनी तळाची कड अंगठ्याने उचलून आत पाहिले आणि म्हणाले, “साहेब, ह्याला सुई घालायला जागाच नाही, हे नुसतं सोल्युशनवर उभं आहे.” त्यांनी जुना गोंद खरवडून, पृष्ठभाग घासून, नवे सोल्युशन लावून तळ दाबून बसवला आणि कडेने जिथे जमले तिथे चार टाके घातले. तो जोड कोरड्या दिवसांत पुढेही वापरता आला; टाक्यांची भोके पडल्यामुळे पावसात मात्र तो निरुपयोगी झाला. शिवलेल्या वेल्टचे, म्हणजे कडेच्या पट्टीला तळ शिवून जोडलेले, चामडी तळाचे पारंपरिक बूट पुनःपुन्हा दुरुस्त करता येतात, पण ते जड आणि महाग असतात, आणि चालत खेळणाऱ्याला त्यांचे वजन शेवटच्या होलांवर जाणवते. म्हणून गोंदाचा बूट घ्यावा आणि गोंद जपावा, हा व्यवहार्य मार्ग आहे. उष्णतेने गोंद सैल पडतो. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत बूट ठेवून देण्याची सवय त्यासाठी घातक आहे.

बूट आवळण्यासाठी आता नाडीऐवजी चकती फिरवून तार ताणण्याची सोय अनेक बुटांत येते. ती सोयीची आहे यात शंका नाही, विशेषतः ज्यांना कमरेत वाकणे कठीण जाते त्यांच्यासाठी. तरीही सीमाभागात राहणाऱ्याला मी नाडीचाच बूट सुचवेन. नाडी तुटली तर कोणत्याही दुकानात मिळते. चकती बिघडली तर सुटा भाग मागवून वाट पाहावी लागते. नाडीने चवड्यापाशी सैल आणि घोट्यापाशी घट्ट असेही बांधता येते, आणि रुंद पायाला त्याचाच मोठा आधार असतो.

फेरीनंतरची निगा फार वेळ घेत नाही. चिखल ओला असतानाच पाण्याने व मऊ ब्रशने काढावा, सुखतळा आणि नाडी बाहेर काढावी, आत वर्तमानपत्राचे गोळे भरावेत आणि बूट पंख्याखाली ठेवावेत. कागद ओला झाला की बदलावा. पहिल्या दोन-तीन तासांत एकदा तरी बदलणे आवश्यक आहे. पूर्ण वाळायला एक दिवसाहून अधिक वेळ लागू शकतो, म्हणून लागोपाठ दोन दिवस खेळणाऱ्याने दोन जोड आलटून पालटून वापरावेत. दोन मध्यम किमतीचे जोड एका महागड्या जोडापेक्षा जास्त वर्षे पुरतात, कारण फेसाळ थराला पुन्हा फुगायला आणि अस्तराला वाळायला वेळ मिळतो. पावसाळ्यात खेळ बंद असेल तर बूट खोक्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नयेत. ते उघड्या फळीवर ठेवावेत, आठवड्यातून एकदा हवा द्यावी, आणि चामड्यावर बुरशीची पांढरट साय दिसताच कोरड्या फडक्याने पुसून क्रीमचा पातळ हात द्यावा.

बुटांचा विचार करताना खेळाडूंचे सामान वाहणाऱ्या कॅडींचाही विचार झाला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. तेवढेच अंतर, त्याच चिखलातून, दहा-बारा किलोंची पिशवी खांद्यावर घेऊन ही माणसे चालतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या पायात साध्या चपला किंवा गुळगुळीत तळाचे बूट असतात. त्यांना स्पाइकची गरज नाही, कारण ते काठी फिरवत नाहीत. त्यांना हवा खोल खाचांचा रबरी तळ, घट्ट टाच आणि लवकर वाळणारा वरचा भाग, आणि असा बूट गोल्फच्या बुटाच्या किमतीच्या लहानशा हिश्शात आपल्याच बाजारात मिळतो. आपला वापरलेला जोड त्यांना द्यायचा असेल, तर माप आणि रुंदी जुळते का ते आधी पाहावे, आणि फेसाळ थराचा भुगा होऊ लागलेला जोड कोणालाच देऊ नये. मिडसोलच्या कडेवर नखाने दाबले असता खूण तशीच राहत असेल किंवा बारीक कण सुटत असतील, तर त्या बुटाचे आयुष्य संपले आहे. त्यातले चांगल्या स्थितीतले स्पाइक आणि सुखतळे काढून ठेवावेत, ते पुढच्या जोडाला उपयोगी पडू शकतात.